टिफमधली काळी रेघ आणि एक्सएफएसची न लिहिलेली जागा

सर्व्हरवरच्या फाइलीत मधेच शून्यं सापडली आहेत, डिस्क ठणठणीत आहे, लॉगमध्ये अवाक्षर नाही आणि वरून कोणीतरी विचारतंय, "मग डेटा गेला कुठे?" अशा अवस्थेत कोणी असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. २०२३ च्या जून-जुलैत मी यातून गेले. तांत्रिक भाग सुटायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ कागदपत्रांत गेला, म्हणून दोन्ही सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची कंपनी छोटी, ऑफिस वागळे इस्टेटला. ड्रोनने काढलेले गावांचे फोटो जोडून मोठे नकाशे तयार करायचे आणि शासकीय कार्यालयांना द्यायचे, हे काम. फील्डवरची टीम लॅपटॉपवर फोटो जोडते आणि दोन-अडीच जीबीची, कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल रात्री अपलोडला लावते. सर्व्हर महापेला, भाड्याच्या रॅकमध्ये. त्यावर लिनक्स, आणि फाइलसिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी व्यवस्था, एक्सएफएस. अपलोडचं सॉफ्टवेअर फाइलचे दहा-दहा लाख बाइटचे तुकडे, म्हणजे चंक, करतं आणि एकाच वेळी आठ कनेक्शनवरून पाठवतं. सर्व्हरकडची बाजू सुरुवातीलाच फॅलोकेट करून पूर्ण फाइलएवढी जागा राखून ठेवते आणि जो चंक येईल तो त्याच्या त्याच्या जागी लिहिते. अडतिसावा आधी आला आणि सदतिसावा नंतर, तरी चालतं. परिच्छेद कंटाळवाणा झाला खरा, पण पुढचं सगळं यातल्या तीन गोष्टींवर उभं आहे: जागा आधी राखणं, चंक मागेपुढे येणं आणि दहा लाख हा आकडा.

१२ जूनला, सोमवारी, जीआयएसच्या, म्हणजे नकाशे तपासणाऱ्यांच्या, टेबलवरून हाक आली. "ताई, या शेतावर बघा ना, स्क्रीनवर केस पडल्यासारखं दिसतंय." मी आधी खरंच मॉनिटर पुसला. नकाशा सरकवला की केसही सरकत होता. शंभर टक्के झूमवर अर्ध्या स्क्रीनपेक्षा लांब, जेमतेम एक पिक्सेल जाड, शुद्ध काळी आडवी रेघ. दोन्ही टोकांच्या एकेका पिक्सेलचा रंग विचित्र, एक हिरवट, एक जांभळट. सगळ्यांनी आपापले अंदाज लावले: ड्रोनची लेन्स, फोटो जोडणारं सॉफ्टवेअर, ग्राफिक कार्ड. फील्डच्या लॅपटॉपवर मूळ फाइल सुदैवाने शिल्लक होती. तिच्यात रेघ नव्हती. दोन्हींचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, वेगळा. म्हणजे फाइल आमच्याकडे येताना किंवा आल्यावर बिघडली.

दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहिल्या. सव्वादोनशे कोटींहून जास्त बाइटांपैकी ३,२६४ बाइट वेगळे, सगळे सलग, आणि आमच्या प्रतीत त्या जागी फक्त शून्यं. एका पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे १,०८८ पिक्सेल. रेघेची लांबी तीच. टोकाच्या पिक्सेलचे तीन बाइट मधेच तुटल्यामुळे रंग बिघडला होता, हे तेव्हा कळलं.

खरं तर उत्तर त्याच संध्याकाळी स्क्रीनवर होतं, पण आधी हार्डवेअरच्या वाटेने जावंच लागलं. कारण डेटा बिघडला म्हटल्यावर मॅनेजरपासून क्लायंटपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न "डिस्क गेली का?" हाच असतो, आणि त्याचं लेखी उत्तर हातात नसेल तर पुढचं कोणी ऐकून घेत नाही.

डेटा सेंटरमध्ये शिरायचं तर किमान चोवीस तास आधी पोर्टलवर अर्ज. येणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, लॅपटॉपचा सिरियल नंबर, कोणत्या रॅकला हात लावणार ते. पेन ड्राइव्ह गेटवरच ठेवून घेतात. मेमरीची सुटी पट्टी आत न्यायची तर वेगळा गेट पास, आणि त्यावर "परत नेणार" की "परत नेणार नाही" यावर खूण करावीच लागते. मी ती कोरी ठेवली होती, तर गेटवरच्या काकांनी शांतपणे फॉर्म उलटा सरकवला. आपण स्वतः न जाता त्यांच्या माणसाकडून काम करून घेतलं तर आमच्या करारात अर्ध्या तासाला दीड हजार रुपये अधिक जीएसटी. मी स्वतः गेले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली आणि पुढे रिक्षा, १६ जूनची दुपार. पाऊस अजून आला नव्हता आणि उकाडा असह्य. आत सर्व्हरपाशी मात्र स्वेटर लागतो, तो आठवणीने न्या.

तिथे जे केलं ते थोडक्यात: दोन्ही डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) स्वच्छ, रेड मिररची (दोन डिस्कवर एकच डेटा) पूर्ण पडताळणी स्वच्छ, मेमरीच्या ईसीसी दुरुस्त्या (मेमरीने आपोआप पकडलेल्या चुका) शून्य. फाइलसिस्टिमची तपासणी रात्री केली, तीही स्वच्छ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मिररची पडताळणी दोन डिस्क एकमेकींशी जुळतात एवढंच सांगते. दोन्हींवर तीच शून्यं लिहिली गेली असतील तर ती खुशाल जुळतात. आणि एक्सएफएसचे चेकसम, म्हणजे चूक पकडणारे ताळ्याचे आकडे, मेटाडेटापुरते, फाइलींबद्दलच्या नोंदींपुरते असतात, फाइलीतल्या मजकुरावर नसतात. त्यामुळे एक्सएफएसच्या रिपेअरने "सगळं ठीक" म्हटलं याचा अर्थ नोंदवह्या ठीक आहेत, इतकाच. तरी या सगळ्याचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. मला ते पुढे तीन वेगवेगळ्या लोकांना पाठवावे लागले.

शनिवार-रविवार घरी बसून एक स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हरवरच्या सगळ्या टिफमध्ये शून्यांची सलग रांग शोधायची आणि तिचा आरंभ आणि शेवट छापायचा. पहिल्या फेरीत हजारो सापडल्या, कारण ड्रोनच्या नकाशाला कडेने काळा रिकामा भाग असतोच. मग अट घट्ट केली: रांगेच्या अलीकडे-पलीकडे लगेच खरा डेटा हवा आणि लांबी ४,०९६ बाइटांपेक्षा कमी हवी (मेमरीचं एक पेज, म्हणजे मेमरी ज्या तुकड्यांत हाताळली जाते तो एक तुकडा, एवढा असतो). चौदा फाइली उरल्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यातल्या तीन क्लायंटला पोचत्या झालेल्या होत्या.

पण या रांगांचे पत्ते, म्हणजे फाइलीतल्या जागा, बघितले आणि मी खुर्चीत ताठ झाले. पहिल्या फाइलीत रांग ३,७०,००,००० पासून ३,७०,०३,२६४ पर्यंत. दुसरीत आरंभ ९१,२०,००,०००. तिसरीत ४०,००,०००. प्रत्येक आरंभ दहा लाखांच्या पटीत. आणि शेवटचे आकडे दशमानात काहीच बोलत नव्हते, ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, बदलल्यावर प्रत्येकाच्या मागे तीन शून्यं. पहिल्या फाइलीचा: २३४ए०००. म्हणजे ४,०९६ च्या पटीत. चंक जिथे सुरू होतो तिथे शून्यं सुरू, मेमरीचं पेज जिथे संपतं तिथे शून्यं बंद. बिघडलेल्या डिस्कला आमच्या चंकचा आकार माहीत असायचं काही कारण नाही. खराब मेमरीलाही नाही. ज्या कोणी हे केलं त्याला फाइलीतल्या जागाही कळत होत्या आणि पेजही कळत होतं, आणि असा कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

दुसरी खूण तारखांची. चौदापैकी सर्वांत जुनी फाइल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. आर्थिक वर्ष बदलताना खर्च आवरायचा म्हणून ३ एप्रिलला अपलोड सेवेच्या कंटेनरची (सेवा ज्या बंदिस्त कप्प्यात चालते त्याची) मेमरी मर्यादा आठ जीबीवरून दोन जीबी करण्यात आली होती. सेवा नीट चालत होती, म्हणून पुन्हा त्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

आता आतली गोष्ट. मला ती कळायला आठवडा लागला, तुम्हाला पाच मिनिटांत कळावी.

फॅलोकेटने जागा राखली की फाइलसिस्टिम डिस्कवरचे ब्लॉक फाइलीच्या नावे करते, पण त्यांवर काही लिहीत नाही. त्या ब्लॉकांत आधी कोणाची तरी पुसलेली फाइल असू शकते. ती वाचायला मिळाली तर अनर्थच. म्हणून ब्लॉकांच्या त्या सलग पट्ट्यावर, म्हणजे एक्सटेंटवर, "अनरिटन" अशी खूण असते: जागा तुझी, पण अजून लिहिलेली नाही, वाचायला आलास तर शून्यं मिळतील. एक्सएफएसमध्ये एक्सटेंटची नोंद १२८ बिटांची असते आणि त्यातला एक बिट या खुणेचा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये हीच खूण एक्सटेंटच्या लांबीच्या सर्वांत वरच्या बिटात कोंबलेली आहे, त्यामुळे तिथे लिहिलेला एक्सटेंट ३२,७६८ ब्लॉकांचा होऊ शकतो आणि न लिहिलेला एक कमी, ३२,७६७ चा. खरा डेटा डिस्कवर उतरल्याची पोच आली की मगच ही खूण काढतात. आधी काढली आणि मधेच वीज गेली तर जुना कचरा उघडा पडेल. क्रम बरोबरच आहे. पण डेटा डिस्ककडे निघाला आणि खूण निघाली यांच्यात एक फट राहते, आणि जे घडतं ते त्या फटीत.

आमची पहिली फाइल घेऊ. अडतिसावा चंक आधी आला. तो ३,७०,००,००० पासून सुरू होतो, पण पेज सुरू होतं ३,६९,९९,१६८ ला. म्हणजे त्या एका पेजात पहिले ८३२ बाइट सदतिसाव्या चंकचे आणि उरलेले ३,२६४ अडतिसाव्याचे. अडतिसाव्याने आपले ३,२६४ लिहिले, त्याआधीचे ८३२ शून्यांनी भरले. इथवर सगळं योग्य. कर्नलचं राइटबॅक, म्हणजे मेमरीतली पेज डिस्कवर उतरवणारं काम, ते पेज घेऊन डिस्ककडे निघालं.

तेवढ्यात सदतिसावा चंक आला. लिहिण्याआधी त्याने फाइलसिस्टिमला विचारलं, माझ्या या पट्ट्यात काय आहे? उत्तर: सगळं अनरिटन. त्या क्षणी ते खरंच होतं, कारण डिस्कची पोच यायची होती. हे उत्तर खिशात घालून तो एकेक पेज भरायला लागला. एका चंकला अशी सुमारे २४५ पेज लागतात, आणि दोन जीबीच्या चिमट्यात प्रत्येक नव्या पेजासाठी कर्नलला आधी कुठलं तरी जुनं पेज मोकळं करावं लागत होतं. म्हणजे रांगत रांगत काम. दरम्यान अडतिसाव्याचा डेटा डिस्कवर उतरला, अनरिटनची खूण निघाली, पेज स्वच्छ झालं. आणि स्वच्छ पेज म्हणजे मेमरीच्या टंचाईत पहिला बळी. ते कॅशमधून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातून, काढून टाकलं गेलं.

सदतिसावा शेवटी त्या सामायिक पेजापर्यंत पोचला. कॅशमध्ये पेज नाही. तर डिस्कवरून वाचून घ्यावं? खिशातलं जुनं उत्तर म्हणतं इथे अनरिटन आहे, वाचण्यासारखं काही नाही. मग त्याने नवं पेज घेतलं, आपले ८३२ बाइट लिहिले, उरलेल्या ३,२६४ जागी शून्यं भरली. पुढच्या राइटबॅकमध्ये ते पेज डिस्कवरच्या खऱ्या डेटावर जाऊन बसलं. कोणाचंही काही चुकलं नाही, कोणालाही एरर आली नाही. अपलोड सॉफ्टवेअर प्रत्येक चंकचा हॅश (एमडी५ सारखाच ठसा) तो आल्या आल्या तपासतं, तोही जुळला, कारण चंक आला तेव्हा तो बरोबरच होता.

ही कहाणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. पत्ते हाती आल्यावर कर्नलच्या बदलांच्या इतिहासात "अनरिटन" आणि "स्टेल" (शिळं) शोधत बसले, तेव्हा एक्सएफएसवर काम करणाऱ्या डेव्ह चिनर यांचा नोव्हेंबर २०२२ चा बदल सापडला. एक्सएफएस ज्या आयोमॅप नावाच्या थरातून लिहितं त्यातला. त्याच्या टिपणात दोन रकाने आखून डावीकडे राइटबॅक काय करतंय, उजवीकडे नवं लेखन काय करतंय, हे ओळीने मांडलंय आणि खाली मेमरीच्या टंचाईचं कलम. रात्रीचे पावणेदोन झाले होते. नवऱ्याला उठवून सांगावंसं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची शिफ्ट होती. दुरुस्ती अशी: एक्सटेंटच्या यादीत बदल झाला की एक क्रमांक वाढतो. लिहिणारा उत्तर घेताना तो क्रमांकही घेतो, आणि प्रत्येक पेज कुलूपबंद केल्यावर विचारतो, क्रमांक तोच आहे ना? नसेल तर जुनं उत्तर टाकून पुन्हा विचारायचं. हे फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलमध्ये आहे. आमच्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरकाने दिलेला ५ मालिकेतला कर्नल होता.

जाता जाता: या घराण्यातली ही पहिलीच भानगड नव्हे. २०११ मध्ये ईएक्सटी४ मध्ये अशीच एक निस्तरली गेली होती. ब्लॉकच्या सीमेवर न बसणारी दोन असिंक्रोनस डायरेक्ट लेखनं (कॅश टाळून थेट डिस्कवर जाणारी, आधीचं संपायची वाट न बघणारी) एकाच कोऱ्या ब्लॉकवर आली की दोघंही ब्लॉक "नवा" समजून आपापल्या बाजूने शून्यं भरायची आणि एकमेकांचा डेटा खायची. कर्नलवर काम करणाऱ्या एरिक सँडीन यांनी अशी लेखनं एकामागून एक रांगेत लावून ते थांबवलं. म्हणून "आम्ही ईएक्सटी४ वापरतो, आमचं काय" असं म्हणणाऱ्यांनीही निदान आपल्या लेखनाच्या सीमा एकदा बघाव्यात.

सीमांवरूनच मला तातडीचा उपाय सुचला. चंक ४,०९६ च्या पटीत असला तर दोन चंक एका पेजात येतच नाहीत. शून्यं भरायला अर्धवट पेजच उरत नाही. २१ जूनला सेटिंगमध्ये दहा लाखांच्या जागी १०,४८,५७६ लिहिलं आणि सेवा पुन्हा सुरू केली. त्यानंतर एकही फाइल बिघडली नाही. कर्नल बदलायला परवानग्या लागतात, याला माझ्या टीम लीडचा व्हॉट्सअॅपवरचा अंगठा पुरला. तुम्ही या अवस्थेत असाल तर पहिलं हे करा, मग बाकीचं. कंटेनरची मेमरी वाढवणंही सोपं होतं, पण त्याने घटना फक्त विरळ झाली असती आणि पुरावा शोधणं आणखी कठीण.

मधे २० जूनला क्लायंट कार्यालयाचं पत्र आलंच. पोचत्या केलेल्या फाइलींपैकी एक तिथल्या भूमापकाने उघडली होती. "सदर नकाशातील त्रुटीबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा." कार्यालयाचं नाव लिहीत नाही. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांनी बरोबरच विचारलं होतं. आमच्या संचालकांचा मात्र आग्रह होता की "तांत्रिक अडचण" एवढंच लिहून मोकळं व्हावं. मी त्याला नाही म्हटलं, कारण तीन फाइली त्यांच्याकडे होत्या आणि रेघ एकीतच त्यांच्या नजरेला पडली होती. शेवटी दीड पानाचा खुलासा झाला: कोणत्या गावांचे कोणते तीन नकाशे, कोणत्या गट क्रमांकांवर रेघ येते, मोजणीच्या आकड्यांवर परिणाम नाही कारण ते वेगळ्या फाइलीत असतात, बदली फाइली कोणत्या तारखेला देणार, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. फाइलसिस्टिमबद्दल फक्त दोन वाक्यं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि पोचीचा शिक्का घेतला. हे विसरू नका. ई-मेल पाठवलं असलं तरी शिक्क्याची प्रतच पुढे कामाला येते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरकाकडे तिकीटही, म्हणजे तक्रारीची नोंद, त्याच दिवशी टाकलं. तिथला अनुभव सांगते, नाव सांगत नाही. पहिलं उत्तर: सिस्टिमचा पूर्ण अहवाल पाठवा. पाठवला. दुसरं: रेड कार्डचं फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) जुनं आहे, आधी ते अद्ययावत करा. त्यासाठी पुन्हा डेटा सेंटरचा अर्ज, पुन्हा डाउनटाइम. मी पत्त्यांचा तक्ता जोडून विचारलं की फर्मवेअरला दहा लाखांचा आकडा कसा कळेल. उत्तर नाही. तिकिटाची तीव्रता वाढवायची तर "उत्पादन बंद आहे" असं लिहावं लागतं, आणि आमचं बंद नव्हतं. चंकचा उपाय सापडल्यावर तर प्राधान्य आणखी उतरलं. मग एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, "बाई, त्यांना गोष्ट सांगू नकोस. त्यांच्या मशीनवर फाइल बिघडवून दाखव."

म्हणून घरी, घोडबंदर रोडला, प्रयोग मांडला. एक टीबीची एनव्हीएमई डिस्क घेतली, जीएसटीसह पाच हजारांच्या आसपास. वितरकाचाच कर्नल टाकून व्हर्च्युअल मशीन, मेमरी दोन जीबी. सी भाषेत शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम: मोठी फाइल फॅलोकेट करायची, प्रत्येक चंक त्याच्या क्रमांकाने भरायचा म्हणजे शून्य कुठेच नको, जोडीतला पुढचा चंक आधी लिहून लगेच राइटबॅकला ढकलायचा आणि त्याच क्षणी मागचा लिहायला घ्यायचा. शेजारी मेमरी खाणारा दुसरा प्रोग्रॅम. शेवटी कॅश रिकामी करून सगळं पुन्हा वाचायचं. कॅश रिकामी करायला चुकू नका, नाहीतर डिस्कवर काय आहे ते कळणारच नाही.

सुरुवातीला काहीच होईना. एनव्हीएमई इतकी वेगवान की फट उघडायच्या आत बंद. व्हर्च्युअल डिस्कचा वेग मुद्दाम आवळला, तेव्हा २५ जूनच्या रात्री, मुंबईत पाऊस दाखल झाला त्याच दिवशी, पहिली शून्यं दिसली. चंकच्या सीमेवर सुरू, ४,०९६ च्या पटीवर बंद. बाहेर धो धो, लाइट दोनदा गेले, यूपीएस किंचाळतोय आणि मी एकटी टाळ्या वाजवतेय. तेच मशीन ६.२ च्या पुढच्या कर्नलवर चालू करून दोन दिवस ठेवलं: स्वच्छ. जुन्या कर्नलवर चंक १०,४८,५७६ केला: तोही स्वच्छ. हे तीन निकाल एका पानावर मांडून प्रोग्रॅमसह तिकिटाला जोडले.

आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या त्या वर्षी, २९ जूनला. त्या सुट्टीनंतर तिकीट अचानक दुसऱ्या माणसाकडे गेलं. त्याने प्रोग्रॅम चालवला आणि एका ओळीत लिहिलं: आमच्याकडेही होतंय. त्या एका ओळीने जो जीव भांड्यात पडला! १० जुलैला नव्या कर्नलमधली दुरुस्ती जुन्या मालिकेत आणलेला कर्नल मिळाला. तुमच्या वितरकाने ती आधीच आणलेली असू शकते, आणि आवृत्तीचा क्रमांक ५ चा दिसला तरी आत दुरुस्ती असू शकते. कर्नल पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये "आयोमॅप" शोधा, क्रमांकावर विसंबू नका.

मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे चालू सर्व्हरवर बदल करायच्या परवानगीचा अर्ज. फॉर्ममध्ये चौदा रकाने. "व्यवसायावरील परिणाम", "परत फिरण्याची योजना", "चाचणीचा पुरावा", "कोणाला कळवले". परत फिरण्याची योजना म्हणून "जुना कर्नल बूट मेनूत आहे" लिहिलं तर परत आलं. तो निवडायला किती मिनिटं, कोण निवडणार, कन्सोलचा प्रवेश कोणाकडे, हे सगळं हवं होतं. एका अर्थी बरोबरच आहे, रात्री दोन वाजता हेच प्रश्न पडतात. क्लायंटना सात दिवस आधी सूचना. वेळ ठरली शनिवार, २२ जुलै, रात्री अकरा ते तीन.

त्या आठवड्यात पावसाने थैमान घातलं होतं. मी डेटा सेंटरला जायचा विचार सोडला आणि त्यांच्या माणसाचा एक तास आधीच राखून ठेवला, म्हणजे तीन हजार अधिक जीएसटी. तो लागला नाही, पण पैसे परत मिळत नाहीत. कन्सोलवरून सव्वाअकराला रिबूट, पावणेबाराला सेवा वर. नंतरचा दीड तास मी तोच प्रोग्रॅम सर्व्हरवर, वेगळ्या डिरेक्टरीत, आवळलेल्या मेमरीत चालवत बसले.

चौदापैकी अकरा फाइली फील्डच्या लॅपटॉपवरून पुन्हा चढवल्या. तीन लॅपटॉपवरून पुसल्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन मूळ ड्रोन फोटोंपासून पुन्हा जोडल्या, प्रत्येकीला एक अख्खी रात्र. एका गावाचे फोटोच उरले नव्हते. बॅकअपमध्ये फाइल होती, अर्थातच रेघेसकट, कारण बॅकअप रात्री दोनला होतो आणि फाइल त्याआधीच बिघडलेली. त्या गावाला टीम पुन्हा पाठवावी लागली. ड्रोन, गाडी, दोन माणसं धरून अठरा हजारांच्या आसपास, आणि पाऊस उघडेपर्यंत थांबणं वेगळंच. आता फील्डचा लॅपटॉप फाइल पुसण्याआधी सर्व्हरकडून संपूर्ण फाइलचा हॅश मागवतो, आणि सर्व्हर तो कॅशमधून न काढता डिस्कवरून पुन्हा वाचून काढतो. अपलोड थोडं लांबतं, फील्डवाले कुरकुरतात.

चंकचा आकार मी कर्नल बदलल्यावरही १०,४८,५७६ च ठेवलाय. तिकीट बंद करताना वितरकाने समाधानाचा फॉर्म पाठवला, एक ते पाच तारे. मी चार दिले. फर्मवेअरचा एक कापला.